बटण सुटल्याची ओळ

थोरली त्या कंपनीत आठ वर्षं होती. कंपनी आलेख काढायचं सॉफ्टवेअर बनवायची. यंत्रांनी मोजलेले आकडे त्यात घातले की स्क्रीनवर ठिपके उमटत; मग ज्याला हवं त्याने हवे ते ठिपके जवळून बघावेत, नको ते वगळावेत. ठिपके निवडायला माऊसचं बटण दाबून धरायचं आणि ओढायचं. ओढत गेलं की चौकट उघडत जायची, बटण सोडलं की चौकटीत सापडलेले ठिपके लाल व्हायचे. ही चौकट थोरलीने लिहिली होती. कंपनीत आल्यावर तिला मिळालेलं पहिलं काम ते.

चौकटीत दोन खोडी होत्या आणि त्या तिला ठाऊक होत्या. एक म्हणजे ती डावीकडून उजवीकडेच ओढावी लागे. उलटी ओढली तर काहीच लाल होत नसे. दुसरी म्हणजे ठिपके फार असले की बटण सोडल्यावर स्क्रीन चार-पाच सेकंद गोठायची. दोन्ही दुरुस्त करायचं तिच्या मनात दर वर्षी असायचं. दर वर्षी दुसरं काहीतरी तातडीचं निघायचं. शेवटी तिने माहितीपुस्तिकेत ‘चौकट नेहमी डावीकडून उजवीकडे ओढावी’ असं वाक्य घातलं आणि लोकांनाही त्याची सवय झाली.

तिची बहीण तिच्याहून सात वर्षांनी लहान. धाकटीने आधी वेगळंच काहीतरी शिकून पाहिलं, ते अर्ध्यावर सोडलं, मग घरी बसून एकटीने प्रोग्रॅमिंग शिकली आणि दोन नोकऱ्या कंटाळा आला म्हणून सोडल्या. आईने थोरलीला फोन करून सांगितलं, “तुझ्याकडे बघ ना गं काही. तुझं ऐकतात तिथे.” थोरलीने साहेबांकडे शब्द टाकला. साहेबांनी मुलाखत घेतली आणि घेतलं तिला. उपकार करण्यात जो एक गोडवा असतो तो थोरलीने त्या आठवड्यात पुरेपूर चाखला. बहिणीला तिने टेबल दाखवलं, कॉफीचं मशीन कसं ठोकलं की चालतं ते दाखवलं, कोणाशी किती बोलायचं तेही सांगितलं.

धाकटी तिला सगळ्यांसमोर ताई म्हणायची. त्यात गैर काही नव्हतं, पण आठ दिवसांत अख्खं ऑफिस तिला ताई म्हणायला लागलं. आठ वर्षं ती मॅडम होती. आता हिशेबनिसापासून ते तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांची ती ताई झाली. “ताई, जरा बघता का?” असं कोणी म्हटलं की तिला वाटायचं, आपण कुणाची तरी ताई आहोत एवढीच आता आपली ओळख उरली.

तिसऱ्या महिन्यात धाकटीने चौकट नव्याने लिहिली. कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या कामात चौकटीचा अडथळा येत होता म्हणून तिने लिहिली, तीही चार दिवसांत. शुक्रवारी दुपारी सगळे मोठ्या स्क्रीनसमोर जमले. पुलांची तपासणी करणाऱ्या खात्यातल्या बाईही त्या दिवशी आलेल्या होत्या. त्या कंपनीच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक. ऑफिसात त्यांना सगळे पूलबाई म्हणत आणि ते त्यांनाही माहीत होतं.

धाकटीने दोन लाख ठिपके स्क्रीनवर आणले आणि चौकट उजवीकडून डावीकडे ओढली. मग खालून वर. ठिपके चौकट उघडता उघडताच लाल होत होते. बटण सोडायची वाटच बघायची नाही. स्क्रीन क्षणभरही गोठली नाही.

“अगं बाई,” पूलबाई म्हणाल्या, “हे आठ वर्षं कुठे लपवून ठेवलं होतं तुम्ही?”

सगळे हसले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनेही वाजवल्या, आणि हसूही चेहऱ्यावर आणलं. ते हसू गालांना इतकं जड झालं होतं की पाणी प्यायच्या निमित्ताने ती बाहेर गेली.

त्या रविवारी आईचा फोन आला. “साहेबांनी म्हणे सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या हिच्यासाठी. तुझ्यासाठी वाजवल्या होत्या का गं कधी?” आईने ते अगदी सहज विचारलं होतं. थोरली म्हणाली, “आमच्या वेळी टाळ्यांची पद्धत नव्हती.” आणि फोन ठेवल्यावर नवऱ्याशी पडद्याच्या दांडीवरून उगाचच भांडली.

कंपनीत नियम होता की एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे जायचा नाही. साहेबांनी चौकट थोरलीकडे दिली. “घरचंच आहे, पटकन होईल,” ते म्हणाले.

पटकन झालं नाही. थोरलीने दोन दिवस घेतले. कोड चांगला होता, आणि नेमकं तेच तिला सोसत नव्हतं. जिथे तिने चाळीस ओळी खर्ची घातल्या होत्या तिथे धाकटीने सहा घातल्या होत्या, आणि त्या वाचताना कळत होत्या. थोरली एकेक ओळ अशी वाचत होती की जणू लग्नात दुसऱ्या पक्षाचे दागिने हातात घेऊन बघतेय. कुठे तरी टाका सुटलेला सापडावा. सापडेना तसतसा तिचा जीव जळायचा. आपण चिडतोय हे तिला कळत होतं. बहिणीचं बरं झालं तर आपल्याला आनंद व्हायला हवा हेही कळत होतं. पण कळून पोटातली आग विझत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला सापडलं.

तिच्या जुन्या कोडमध्ये एक ओळ होती. माऊस हलत असताना बटण खरंच दाबलेलं आहे का ते ती ओळ दर वेळी बघायची, आणि नसेल तर चौकट तिथल्या तिथे बंद करायची. वरवर बघता निरर्थक ओळ. बटण सुटलं की तसा निरोप सॉफ्टवेअरला येतोच, मग पुन्हा कशाला बघायचं? पण माणूस चौकट ओढता ओढता आलेखाच्या खिडकीच्या कडेबाहेर गेला आणि बटण त्याने तिथे, बाहेर सोडलं, तर तो निरोप येतच नाही. सॉफ्टवेअरला वाटतं, बटण अजून दाबलेलंच आहे. माऊस परत आत आला की चौकट त्याच्यामागे पसरत राहते, कुणीही ओढत नसताना. हे शोधायला थोरलीला आठ वर्षांपूर्वी बारा दिवस लागले होते. त्या ओळीच्या डोक्यावर तिने लिहून ठेवलं होतं, ‘ही ओळ काढू नये.’ का काढू नये ते मात्र लिहिलं नव्हतं.

धाकटीने ती काढली होती.

थोरलीने करून पाहिलं. चौकट कडेला नेली, बाहेर जाऊन बटण सोडलं, परत आत आली. चौकट तिच्या माऊसला चिकटून आली आणि वाटेतले ठिपके लाल करत सुटली. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

धाकटीचं टेबल चार पावलांवर होतं. थोरली उठली. तिच्या छातीत जे होतं त्याला आनंदच म्हणावं लागेल. ती दोन पावलं गेली आणि तेवढ्यात साहेब आपल्या खोलीतून बाहेर आले. ते धाकटीच्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, “पुढच्या महिन्यात प्रदर्शनात हे तूच दाखव बरं का. लोकांना तुझं बोलणं आवडेल.”

प्रदर्शनात सॉफ्टवेअर दाखवायचं काम चार वर्षं थोरलीचं होतं. साहेबांचं तिच्याकडे लक्षही गेलं नाही.

ती जागेवर परत आली. मग तपासणीच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘तपासलं. ठीक आहे.’ आणि पाठवून दिलं.

तिने स्वतःची समजूत अशी घातली की दोन-तीन दिवसांत कुणाच्या तरी लक्षात येईलच. प्रदर्शनात आलं तर उत्तम. जराशी फजिती होईल, धाकटी कानापर्यंत लाल होईल, आणि मग आपण पुढे होऊन सांगू की याचं असं असं आहे, आम्ही हे पूर्वीच सोडवलं होतं. एवढंच. यापलीकडे तिने विचार केला नाही.

पण कुणाच्याच लक्षात आलं नाही. प्रदर्शन झकास झालं. तीन आठवडे गेले. धाकटी वाटेत भेटली की म्हणायची, “ताई, तू तपासलंस ना, म्हणून मी निर्धास्त आहे.” थोरलीला ते टोचायचं, पण टोचता टोचता असंही वाटायचं की जाऊ दे, आता सांगितलं तर तेव्हा का नाही सांगितलं याचं काय उत्तर देऊ?

चौथ्या आठवड्यात पूलबाई आल्या. फोन न करता आल्या आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. दहा मिनिटांनी साहेबांनी दोघी बहिणींना आत बोलावलं.

पूलबाईंचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे जास्त भीती वाटली. त्यांच्याकडे नदीवरचा एक जुना पूल होता. त्याला चाळीस सेन्सर लावलेले. मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, भाराखाली किती वाकतो ते दिवसरात्र मोजत. बाई दर महिन्याला आकडे आलेखावर घेऊन सेन्सर बिघडल्यामुळे आलेले वेडेवाकडे ठिपके चौकटीत पकडून वगळत आणि मग अहवाल लिहीत. त्यांच्या टेबलावर दोन स्क्रीन होत्या. एकीवर आलेख, दुसरीवर अहवाल. चौकट ओढता ओढता त्यांचा हात सवयीने दुसऱ्या स्क्रीनवर जायचा आणि बटण तिथे सुटायचं.

“परत आलेखावर आले आणि कीबोर्डवरून वगळलं,” बाई म्हणाल्या. “लाखभर ठिपक्यांत तीनशे जास्त गेले ते मला दिसलं नाही. चार दिवसांचे चांगले आकडे गेले. नेमके त्या चार दिवसांत गाळा मर्यादेपेक्षा जास्त वाकला होता.”

“आणि अहवाल?” साहेबांनी विचारलं.

“पूल ठीक आहे, असा गेला. माझ्या सहीने. पुलावरच्या मुकादमाने सांगितलं की सांधा पूर्वीसारखा मिटत नाही, म्हणून मी मूळ आकडे पुन्हा काढले. काल जड गाड्या बंद केल्या. त्याआधी एकोणीस दिवस सगळं त्यावरून जात होतं. काही झालं नाही. नशीब म्हणायचं.”

मग धाकटी उभी राहिली.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “तिथे एक ओळ होती ती मी काढली. मला वाटलं जुनं काहीतरी उरलंय.”

“पण ताईंनी तपासलं होतं ना?” साहेब म्हणाले.

“तिला कसं दिसणार? एवढे सगळे बदल एकदम केले मी. तिला नीट सांगायला हवं होतं.”

थोरलीने तोंड उघडलं. ती समोरच्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिली आणि तेवढ्यात साहेब दुसरं काहीतरी बोलायला लागले. ती वेळ निघून गेली.

धाकटीने दुपारपर्यंत दुरुस्ती केली, सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र गेलं. मग ती बाथरूममध्ये गेली. थोरली पाठोपाठ गेली तेव्हा आतून नळ सोडल्याचा आवाज येत होता, आणि तो बराच वेळ बंद झाला नाही. थोरली दाराबाहेर उभी राहिली. लहानपणी धाकटी रडायची तेव्हा ती दार ढकलून आत जायची. आज तिला दाराला हात लावायचीही लाज वाटली.

ऑफिस सुटल्यावर ती जिन्यात थांबली. धाकटी पिशवी खांद्याला लावून उतरत होती.

“ती ओळ मला दिसली होती,” थोरली म्हणाली.

“कधी?”

“तपासताना.”

“मग?”

“मग काही नाही. ठीक आहे असं लिहिलं.”

धाकटी एक पायरी खाली आली. “सांगायचं विसरलीस?”

विसरले म्हणायला जागा होती. धाकटीने ती मुद्दाम करून दिली होती हे थोरलीला कळलं.

“नाही. विसरले नाही.”

“मग का?”

“सगळे तुझं कौतुक करत होते.”

वरच्या मजल्यावरून दोघंजण बोलत उतरले, “चला ताई, येतो,” म्हणून गेले. ते खाली पोचेपर्यंत दोघी थांबल्या.

“माझी फजिती व्हावी म्हणून?” धाकटीने विचारलं.

“थोडीशी.”

“ताई, त्या पुलावरून माणसं जात होती.”

“पुलाचा विचारच केला नव्हता गं मी. मी फक्त तुझाच विचार करत होते.”

धाकटीने तिच्याकडे असं बघितलं की थोरलीने मान खाली घातली. “आत मी तुला पाठीशी घातलं,” धाकटी म्हणाली, “आणि तू बसून राहिलीस.” मग पिशवीचा पट्टा नीट केला. “साहेबांना तू सांगणार की मी सांगू?”

“मी सांगते.”

“उद्या सकाळी सांग. मी आत येणार नाही.”

ती भराभर उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने साहेबांना सांगितलं. आडवळणाने सांगायचा तिने रात्रभर सराव केला होता, पण प्रत्यक्षात दोन वाक्यांत सांगून झालं. साहेब बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत बसले.

“तुम्हीच शब्द टाकला होतात ना तिच्यासाठी?”

“हो.”

“मला हे समजत नाही, ताई.”

“मलाही नीट समजलेलं नाही,” ती म्हणाली. “पण झालं ते असं झालं.”

साहेबांनी तिला काढलं नाही. वर्षभर कुणाचाही कोड तपासायचा नाही, असं सांगितलं. आणि तिचा स्वतःचा कोड यापुढे धाकटी तपासेल. हे सांगताना त्यांनी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही.

मग तिने पूलबाईंना फोन केला. त्यांनाही तेच दोन वाक्यांत सांगितलं.

“मला वाटत होतं माझाच हात म्हातारा झाला,” पूलबाई म्हणाल्या. “नोकरी सोडायचं मनात आलं होतं माझ्या.” आणि मग, “मंगळवारी पुलावर या तुम्ही. ठिपके म्हणजे काय असतं ते एकदा बघून घ्या.”

ती गेली. पूलबाईंनी तिला डोक्यावर टोपी दिली आणि लोखंडी शिडीने पुलाखाली नेलं. वरून फक्त लहान गाड्या जात होत्या, तरी प्रत्येक गाडीसरशी डोक्यावरचं काँक्रीट हलकेच दबायचं आणि परत यायचं. मुकादमाने तिला सांध्यातली फट दाखवली. त्यात त्याचा अंगठा आडवा बसत होता. “पूर्वी करंगळी जात नव्हती,” तो म्हणाला. पूलबाई तिला एकही शब्द लागेलसा बोलल्या नाहीत. कोणता सेन्सर कुठे आहे, कोणता पावसात बिघडतो, एवढंच सांगत राहिल्या, आणि तिने सगळं वहीत उतरवून घेतलं.

धाकटीने टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला हलवलं. आईकडे दोघी आळीपाळीने जायला लागल्या. काय झालं ते आईला धाकटीने सांगितलं नव्हतं, म्हणून थोरलीलाच सांगावं लागलं. आई ऐकून म्हणाली, “मी त्या दिवशी टाळ्यांचं विचारलं, ते चुकलंच माझं.” थोरली म्हणाली, “तू विचारलं नसतंस तरी मी हेच केलं असतं.” आणि ते खरं होतं.

हेवा मात्र गेला नाही. पश्चात्ताप झाला की तो आपोआप जाईल असं तिला वाटलं होतं. पुढच्या प्रदर्शनातलं धाकटीचं भाषण तिने ऑफिसात आपल्या टेबलाशी बसून स्क्रीनवर बघितलं. धाकटी एका ठिकाणी अडखळली आणि थोरलीला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची शरम वाटली. मग धाकटी सावरून इतकं छान बोलली की पुन्हा हेवा वाटला. हे सगळं एका मिनिटात झालं. नवऱ्याला तिने ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “निदान आता पडद्याच्या दांडीवरून तरी भांडू नकोस.”

पाच महिन्यांनी तिचं एक मोठं काम संपलं. आलेखाच्या खुणा आणि आकडे आपोआप नीट बसावेत असं काहीतरी ते होतं. कोड धाकटीकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी अकरा शेऱ्यांसह परत आला. शेरे कोरडे होते, वर ‘ताई’ वगैरे काही नाही. थोरलीने ते सगळे दोनदा वाचले. दहा बरोबर होते. नववा चुकीचा होता. धाकटीने घाईत उणे आकड्यांचा विचार केला नव्हता. थोरलीने नववा तसाच मान्य केला असता तर चूक धाकटीच्या नावावर पडली असती.

ती उठली आणि हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. धाकटीने कानावरचा हेडफोन काढला, पण खुर्ची वळवली नाही.

“नववा शेरा चुकीचा आहे,” थोरली म्हणाली. “उणे आकडे घालून बघ.”

धाकटीने घालून बघितले. “हो,” ती म्हणाली. “चुकलं माझं.” आणि शेरा पुसून टाकला. थोरली तिथेच उभी असलेली बघून तिने विचारलं, “बाकीचे दहा?”

“बरोबर आहेत. दोन तर इतके बरोबर आहेत की वाचताना राग आला.”

धाकटी हसली नाही. स्क्रीनकडे बघतच म्हणाली, “मला अजून तुझा राग येतो. सकाळी उठल्या उठल्या येतो.”

“येऊ दे,” थोरली म्हणाली. “मलाही अजून तुझा हेवा वाटतो.”

“ते दिसतं. तू लपवायला गेलीस की जास्तच दिसतं.”

धाकटीने बाजूच्या टेबलाजवळचं स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं आणि पहिला शेरा उघडला.

“ही नावं तू अशी का दिलीस, ते आधी सांग,” ती म्हणाली. “कारण मला दोन तास लागले कळायला.”

थोरली स्टुलावर बसली आणि सांगायला लागली.